दोन डोक्यांचा जिवंत दगड

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एका नर्सरीच्या विक्रीसूचीसाठी छायाचित्रे काढत असताना माझ्यासमोर टेबलावर एक रोप ठेवण्यात आले, आणि ते रोप ओळखीचे निघेल अशी मी कल्पनाही केली नव्हती. निवडुंगाची जात ओळखणे हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे; इथे मी ते एकच विशिष्ट रोप ओळखले होते. वर्ष उलटले तरी त्या दुपारचा हिशेब माझ्या मनात लागत नाही.

मी ॲरिझोनातील टूसॉन शहरात राहते आणि वनस्पतींची छायाचित्रे काढणे हा माझा चरितार्थ आहे. वसंतात वाळवंटी रानफुले, मे महिन्यात सग्वारो या खांबासारख्या उंच निवडुंगाचा पांढरा बहर आणि शरदात नर्सऱ्यांच्या सूची, असे माझे वर्ष विभागलेले असते. रानफुलांच्या कामात निम्मा वेळ वारा पडण्याची वाट पाहण्यात जातो. उरलेल्या वेळात, आपल्या एका चित्रासाठी वीस रोपे तुडवणाऱ्या हौशी मंडळींना पायवाटेवर परत बोलवावे लागते. २०१९ च्या बहरात कॅलिफोर्नियातील लेक एल्सिनोरच्या डोंगरावर लोकांनी पॉपीच्या शेतांची जी दशा केली, ती फुलांवरच्या प्रेमातून झाली असे मी कधीही मान्य करणार नाही.

निवडुंगाच्या फुलांचे छायाचित्रण वरून सोपे दिसते, पण त्यांची पाकळी रेशमासारखी चकाकते आणि गडद गुलाबी रंग कॅमेऱ्याला झेपत नाही. पडद्यावर सगळे ठीक दिसत असते, आणि तरीही लाल रंगाची नोंद आधीच काठोकाठ भरून गेलेली असते. मग पाकळीवरची एकही शीर उरत नाही, नुसता रंगाचा थापा दिसतो. म्हणून मी प्रत्येक रंगाचा हिस्टोग्राम, म्हणजे प्रकाशाच्या नोंदीचा आलेख, वेगळा पाहते, प्रकाश मुद्दाम कमी घेते, डोक्यावर ऊन मवाळ करणारा पांढरा पडदा, म्हणजे डिफ्यूझर, धरते आणि पुढच्या पाकळीपासून मागच्या काट्यापर्यंत फोकस थोडाथोडा सरकवत वीस-पंचवीस चित्रे घेऊन ती एकत्र जोडते. त्या दिवशीही हेच चालले होते. पंधरावे की सोळावे रोप म्हणून आरिओकार्पस फिशुरॅटस समोर आले.

हा निवडुंग टेक्सासच्या पश्चिमेला आणि नदीपलीकडे मेक्सिकोत, चिवावाच्या वाळवंटात वाढतो. तिकडे त्याला ‘लिव्हिंग रॉक’, म्हणजे जिवंत दगड म्हणतात. त्याला काटे नसतात. भेगाळलेल्या, राखाडी, त्रिकोणी गाठींची एक चकती जमिनीलगत बसलेली असते, आणि खाली सलगमासारखे जाड सोटमूळ असते. पाऊस लांबला की हे मूळ आकसते आणि रोपाला मातीच्या पातळीखाली ओढून घेते, वर धूळ बसते, आणि तुम्ही त्याच्यावर उभे असलात तरी ते तुम्हाला दिसत नाही. ते दिसते फक्त शरदात, मधल्या लोकरीसारख्या केसांतून गुलाबी फूल उमलते तेव्हा, आणि तेही ऊन चढल्यावर. त्यामुळे छायाचित्रकार आणि चोर एकाच महिन्यात, एकाच वेळी त्या माळावर फिरतात.

समोरचे रोप दोन डोक्यांचे होते. या जातीत असे क्वचितच होते. डाव्या डोक्याच्या कडेला दोन गाठींच्या मध्ये नखाएवढी चुनखडकाची पांढरी कपची रुतलेली होती, आणि एक गाठ तिला वळसा घालून वाकडी वाढलेली होती. ही वाकडी गाठ मी आधी पाहिली होती. त्याच्या तीन वर्षे आधी ऑक्टोबरमध्ये पश्चिम टेक्सासमधल्या टर्लिंग्वा गावाच्या बाजूला एका खाजगी माळावर, मालकांच्या परवानगीने, मी दोन तास पोटावर पडून या रोपाचे चित्र घेतले होते.

मी लॅपटॉपवर जुने चित्र काढले आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. पहिल्या नजरेला ती जुळली नाहीत, कारण कपची जुन्या चित्रात केंद्राच्या जास्त जवळ होती. मग लक्षात आले की ती तशीच असायला हवी. या निवडुंगाच्या नव्या गाठी मधल्या लोकरीतून येतात आणि जुन्या हळूहळू बाहेर ढकलल्या जाऊन कडेला वाळतात. तीन वर्षांत खूण एका ओळीने बाहेर सरकली होती आणि तिच्याबरोबर शेजारची कुरतडलेली गाठही तेवढीच सरकली होती. उजव्या डोक्यावरच्या भेगा मी एकेक करून ताडून पाहिल्या. अकराव्या भेगेनंतर मोजणे थांबवले.

नर्सरीचे मालक सत्तरी ओलांडलेले आहेत. माझ्याकडच्या १४० कुंड्यांपैकी निम्म्या त्यांनी बियांपासून वाढवलेल्या रोपांच्या आहेत, आणि रानातले रोप कसे ओळखावे हे मला त्यांनीच शिकवले. कुंडीत वाढलेला जिवंत दगड हिरवट आणि फुगीर असतो, त्याच्या गाठी एकसारख्या असतात. रानातल्याच्या गाठी झिजलेल्या, कडा तुटलेल्या, तळाशी चुन्याचा थर बसलेला, आणि सोटमूळ बहुधा कुदळीने तिरके तुटलेले असते. काही निष्णात माळी पाणी तोडून आणि भर उन्हात ठेवून कुंडीतले रोपही रापवतात, म्हणून वरचा भाग पाहून निकाल देऊ नये, मूळ पाहावे, असे त्यांचे नेहमीचे सांगणे होते.

मी त्यांना बोलावले आणि दोन्ही चित्रे दाखवली.

“याचे कागद आहेत,” ते म्हणाले. “विकणाऱ्याने बियांपासून वाढवल्याचे लिहून दिले आहे. तू फोटो काढ, बाकीचे माझ्यावर सोड.”

“मूळ बघायला तुम्हीच शिकवलेत. आपण बघू या का?”

त्यांनी चष्मा लावला, रोप कुंडीतून अलगद काढले आणि पालथे धरले. जाड मूळ अर्ध्यावर तिरके तुटलेले होते आणि त्या जखमेवर करडी खपली धरली होती. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग मागच्या खोलीत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणखी अकरा रोपे घेऊन आले. ती त्यांनी टेबलावर का आणली नव्हती, हे मी त्यांना त्या दिवशी विचारले नाही आणि अजूनही विचारलेले नाही. त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून अधिकाऱ्यांना कळवले, हेही खरे आहे.

आरिओकार्पसच्या सगळ्या जाती साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे रानातून काढलेल्या रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. तरीही पश्चिम टेक्सासमधल्या बिग बेंडच्या परिसरातून हजारो जिवंत दगड खणून नेले गेले, आणि जप्त केलेली पुष्कळ रोपे अल्पाइन गावातल्या सल रॉस विद्यापीठाच्या हरितगृहात सांभाळावी लागली. चिलीच्या आटाकामा वाळवंटातून चोरलेली हजारावर रोपे २०२० मध्ये इटलीत सापडली आणि त्यांतली ८४४ पुढच्या वर्षी परत पाठवली गेली. ‘आम्ही गोळा करतो म्हणून जाती टिकतात’ असे संग्राहक ऐटीत म्हणतात. मीही संग्राहक आहे, आणि हे वाक्य मला खोटे वाटते. बियांपासून वाढवणारा जात टिकवतो. खणून आणलेले रोप विकत घेणारा पुढच्या खणण्याचे पैसे भरतो.

साताऱ्याला आमच्या अंगणात ब्रह्मकमळ उमलायला लागले की आई रात्री दहाला शेजारच्या चार घरी निरोप धाडायची. ते मूळचे मेक्सिकोकडचे निवडुंग आहे आणि आपण पान म्हणून मातीत खोचतो तो त्याच्या चपट्या खोडाचा तुकडा असतो, हे मला इथे आल्यावर कळले. आईने आयुष्यभरात पन्नास जणांना तरी तसा तुकडा दिला असेल आणि अंगणातले झाड जागचे हलले नाही. जिवंत दगडाचा असा तुकडा देता येत नाही. त्याला बीच लागते, आणि स्वतःच्या मुळावर वाढून फुलायला दशक सहज जाते.

माझ्या जुन्या चित्राबद्दल अजून लिहिले नाही. ते मी सगळ्यांना वापरायला खुले केले होते, आणि कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेले अक्षांश-रेखांश मी पुसले नव्हते. माळावरची ती जागा चोराला माझ्या चित्रावरून सापडली की कोणी गुराख्याने दाखवली, हे शोधून काढण्याचा मार्ग नाही. त्या आठवड्यात मी माझ्या संग्रहातल्या साडेसहा हजार फाइलींमधली स्थाननोंद पुसली. हे सांगितल्यावर अधिकारी बाई कळवळून म्हणाल्या, “त्या एका फाइलची मूळ प्रत तरी ठेवली आहे ना?” कारण बाराही रोपांत कुठून आले हे सिद्ध करता येणारे तेवढे एकच होते. बाकीच्या अकरांची जागा ठाऊक नाही, त्यामुळे ती कुठेही परत लावता येत नाहीत. एका डोंगरावरचे रोप दुसऱ्या डोंगरावर लावले तर परागकणांची आणि रोगांची सरमिसळ होते. मूळ प्रत माझ्याकडे होती.

या ऑक्टोबरमध्ये मी ते पाहून आले. खटला संपेपर्यंत ते पुरावा म्हणून एका हरितगृहात ठेवले आहे. मुळाच्या जखमेतून कुज वर चढल्यामुळे उजवे डोके कापावे लागले. डावे जगले आहे, कपची जागेवर आहे आणि लोकरीतून एक फूल आले होते. या जातीला स्वतःच्या परागकणांनी बी धरत नाही, आणि शेजारच्या अकरांपैकी कोणाचे पराग मधमाशीने आणून टाकू नयेत म्हणून त्या एका फुलावर पातळ जाळीची टोपी घातलेली होती. चित्र घेण्यापुरती ती त्यांनी काढली. ऊन तिरपे येत होते, डिफ्यूझर माझ्या हातातच होता, आणि लाल रंग भरून जाऊ नये म्हणून मी प्रकाश नेहमीपेक्षाही कमी ठेवला. बाई शेजारी उभ्या राहून मधमाशी येत नाही ना हे पाहत होत्या. काम झाल्यावर त्यांनी जाळी परत चढवली आणि मूळ जागेचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये घालून द्याल का, असे विचारले. मी ते कागदावर लिहून त्यांच्या हातात दिले.