माळ्यावरचा आवाज: नाशिकच्या वाड्यातली एक रात्र

काकांनी वाड्याची दिंडी उघडली तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. "सगळीकडे हिंडा, फक्त बाळंतिणीच्या खोलीत एकट्यानं जाऊ नका," एवढंच ते म्हणाले. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांचा जन्म याच वाड्यातला, तोही त्याच खोलीतला. तरी त्या दाराकडे ते बघत नव्हते.

मी दुपारी पुण्याहून एसटीनं ठक्कर बाजारला उतरले होते. संध्याकाळ गोदाघाटावर काढली. जानेवारीत नदी अंग चोरून वाहते, दुतोंड्या मारुती अख्खा कोरडा उभा असतो. पावसाळ्यात मात्र सगळं नाशिक याच मारुतीवरून पूर मोजतं: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, बुडाला. सराफ बाजारामागच्या या वाड्यात शिरल्यावर काकांनी आधी ओसरीवरचा सागवानी खांब दाखवला. माझ्या डोक्याच्याही वर एक काळपट रेघ होती. 1969 च्या पुराचं पाणी तिथवर चढलं होतं. पावसाळ्याआधी वाडा उतरवणार आहेत, म्हणून आम्हाला ही एक रात्र मिळाली.

आम्ही सात जण होतो. एक जण कॉलेजात असल्यापासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरांना जाणारा, एक इलेक्ट्रिशियन, पंचवटीतल्या एक शिक्षिका. दोघांचा भुतांवर पक्का विश्वास. मी कुठल्याच बाजूची नव्हते. मला फक्त तो आवाज ऐकायचा होता.

आवाजाची गोष्ट अशी. मध्यरात्र उलटली की बाळंतिणीच्या खोलीवरच्या माळ्यावर कुणीतरी चालतं, मग भांडी वाजतात. घरातल्या तीन पिढ्यांनी हे ऐकलंय. काकांच्या थोरल्या चुलत्यांची पहिली बायको त्या खोलीत बाळंतपणात गेली. मूलही गेलं. तेव्हापासून ती हडळ झाली, रात्री स्वयंपाकाची भांडी काढते, असं घरात सांगत. तिचं नाव काय, असं मी विचारलं. काका थोडा वेळ गप्प राहिले. "नाव... नाही बुवा ठाऊक. आम्ही 'ती' असंच म्हणायचो."

हे मला फार लागलं. एक पोर पहिल्याच बाळंतपणात मरते आणि घर तिला हडळ करून टाकतं. जिवंत बाईला चेटकीण ठरवून छळणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा झालं. मेलेल्या बाईची बाजू कोण घेणार?

विश्वास असलेल्यांपैकी एकानं चुंबकीय क्षेत्र मोजणारं मीटर आणलं होतं. जिन्याखाली त्याचे सगळे दिवे एकदम पेटले आणि तो पांढराफटक पडला. इलेक्ट्रिशियननं टॉर्च मारला. भिंतीवर मीटरचा जुना बोर्ड आणि वेष्टन निघालेल्या वायरी. मेन स्विच बंद केल्यावर दिवे विझले. शिबिरवाल्यानं तेव्हा व्हिक टँडीची हकिकत सांगितली. इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीच्या या इंजिनिअरला प्रयोगशाळेत डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसायची, घाम फुटायचा. शोधल्यावर नव्यानं बसवलेला एक पंखा सापडला. त्याचा सेकंदाला सुमारे 19 कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा घुमारा खोलीभर उभा राहत होता. 1998 मध्ये त्यानं हे लिहून प्रसिद्ध केलं. म्हणून आम्हीही वीज तोडली, फोन बंद केले, तीन ठिकाणी वेगवेगळे बसलो. जे ऐकू येईल ते वेळेसकट ज्यानं त्यानं आपल्या वहीत लिहायचं, एकमेकांशी बोलायचं नाही. भीती शेजारच्याकडूनच लागते, असा शिबिरवाल्याचा अनुभव.

मी आणि शिक्षिकाबाई बाळंतिणीच्या खोलीत बसलो. अंधारी खोली, एक झरोका, शेगडीच्या धुरानं काळवंडलेला कोनाडा. भिंतीत खुंटी होती, बाळंतिणीचं लुगडं वाळत घालायला असेल. बारा वाजता थर्मामीटरवर अकरा अंश, दोनला नऊ. थंडी उतरायला लागली तसं लाकूड बोलायला लागलं. तुळयांचे सांधे कडकन वाजत, पडवीवरचे पत्रे आकसून टकटक करत. माझ्या वहीत एक ते दोनच्या दरम्यान असे चौदा आवाज आहेत.

दोन वाजून दहा मिनिटांनी पावलं ऐकू आली. लाकडाचा आवाज असा नसतो. थबकत, पुन्हा चालत, नेमकी आमच्या डोक्यावर. मग भांडं वाजलं, आणि त्याचं झाकण घुमत घुमत स्थिर झालं. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं होतं मी घाबरेन. मला रडूच आलं.

शिडीवर एका वेळी एकानंच चढायचं ठरलं होतं, माळ्याच्या फळ्यांचा भरवसा नव्हता. शिबिरवाला वर गेला, त्यानं टॉर्च लावला आणि हळूच म्हणाला, "या, बघा." तुळईवर उदमांजर होतं. लांब शेपटी, टॉर्चमध्ये लकाकणारे डोळे. क्षणभर आमच्याकडे बघून ते कौलांच्या फटीतून निसटलं. फळीवर त्याची विष्ठा होती, फळांच्या बियांनी भरलेली. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच घरची जुनी भांडी रचलेली: घंगाळ, परात, हंडे, उलटी झाकणं.

बाकीचे खाली उतरले. मी तिथेच बसून एकेक भांडं बघत राहिले. नाशिकची भांडी, तांबटांच्या हातची, ठोक्याठोक्यांची. सगळ्यात मागे एक लहान तांब्या होता, काळाठिक्कर. ओढणीनं पुसला तेव्हा गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं बोटाला लागली. एका मुलीचं नाव, पुढे 'हीस आईकडून', आणि शके 1862. म्हणजे 1940. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते त्या घरचं आहे.

सहाला काका थर्मासमधून चहा घेऊन आले. मी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, एकेक अक्षर वाचलं, मग पुन्हा वाचलं. "चुलत्यांचं पहिलं लग्न चाळीस सालचंच," ते म्हणाले. लगेच त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला, वय वर्षं शहाऐंशी.

"ताई, तिचं नाव सापडलं गं." त्यांनी नाव सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग फोनमधून बारीक आवाज आला, "चांदवडची होती. आई सांगायची, जाऊबाई फार छान गायच्या."

काकांनी मफलर काढून तांब्या त्यात गुंडाळला. फोन कानालाच होता. बोलता बोलता ते बाळंतिणीच्या खोलीत शिरले आणि झरोक्याखाली टेकले.