अकबूल

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं निमंत्रण आलं आणि मराठीच्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. मैदान, स्नेहसंमेलन यांवर इतर जण लिहितीलच. मी फक्त बाईंबद्दल लिहिणार आहे.

नववी ब. चाचणीत 'कबूल'चा विरुद्धार्थी शब्द विचारला होता, मी 'अकबूल' लिहिलं. बाईंनी फुली मारली नाही. लाल शाईनं शब्दाभोवती गोल केला आणि दुसऱ्या दिवशी मला फळ्याशी बोलावलं. "रीत बरोबर आहे, उपसर्ग चुकला." मान्य-अमान्य, उल्लेख-अनुल्लेख हे संस्कृतातले. कबूल, मंजूर हे मूळ अरबी, त्यांना फारसी 'ना' लागतो: नाकबूल, नामंजूर. मग 'दखल'? मी लगेच 'बेदखल' म्हणालो. "जमिनीवरून बेदखल करतात. पण एखाद्याची कुणी दखलच घेतली नाही, तर?" वर्ग गप्प.

तो अख्खा तास त्यातच गेला. मान्य काय करायचं आहे, त्यावर उलटा शब्द ठरतो. चूक अंगाशी आली की माणूस कानावर हात ठेवतो, जबाबदारी आली की हात झटकतो. आरोप फेटाळतो, मागणी धुडकावतो, समोरच्याला ओळख देत नाही. मी फळ्यावर 'कानाडोळा' लिहिलं, तर बाईंनी खडूनं 'ना'चा 'णा' केला. "त्यात कान नाही, काणा आहे." सगळ्यात शेवटी त्यांनी 'अनुल्लेखाने मारणे' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. "नाकारणाऱ्याला निदान तुमचं नाव तरी घ्यावं लागतं," म्हणाल्या. चाळीस मिनिटांत इतकं देणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

आज मी दिवाणी वकिली करतो. प्रतिवादीच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, 'सदर मजकूर मान्य व कबूल नाही' हे वाक्य मी हजारदा लिहिलं असेल. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या आदेश ८, नियम ५ नुसार दाव्यातलं जे विधान स्पष्टपणे नाकारलं नाही, ते सर्वसाधारणपणे कबूल धरलं जातं. ज्युनिअरनं मोघम नकार लिहिला की मी कैफियत परत करतो आणि त्याला बाईंचा तास सांगतो. माझ्या अशिलांचे दावे त्या तासावर तरले आहेत, असं मी मनापासून मानतो.

मुलीच्या स्वाध्यायपुस्तिकेत आता डावीकडे शब्द, उजवीकडे शब्द, मधे रेघ जोडायची. 'कशाच्या उलट?' असं कुणी विचारत नाही, याचं वाईट वाटतं.

सनद मिळाली तेव्हा बाईंचं चार ओळींचं पत्र आलं होतं. उत्तर त्याच रात्री लिहिलं, पाकिटावर पत्ताही घातला. तिकीट लावायचं राहिलं. पुढे बाई गेल्या. ते पाकीट अजून माझ्या खणात आहे.