नऊ हजारात कसं भागतं?

‘नऊ हजारात कसं गं भागवतेस?’ डब्याच्या सुट्टीत हे कुणीतरी हमखास विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. आम्ही पाच माणसं. दोन वाढती पोरं, सासूबाईंना शुगर. किराणा, दूध, भाजी, अंडी सगळं धरून महिन्याचे नऊ हजार. राहते सोलापुरात, तेव्हा पुण्या-मुंबईवाल्यांनी आकडा आपापल्या हिशेबाने वाढवून घ्यावा.

पूर्वी मी वहीत आठवड्याचं लिहून बाजारात जायचे. मंगळवारी भरली वांगी लिहिलीत ना, मग वांगी ऐंशी रुपये किलो का असेनात, घ्यायचीच! ती वही बंद केली. आता दिवेलागणीनंतर जाते. बाजार उठायला आलेला असतो, पालेभाजी उद्यावर टिकणार नसते, मावशी आपणहून हाक मारतात, ‘तीन जुड्या ने, वीस दे.’ उद्या मेथी की चाकवत, ते तिथे ठरतं. मात्र घरी आल्या आल्या निवडायला बसावं लागतं. कंटाळा करून जुडी तशीच ठेवली की सकाळपर्यंत निम्मी सडते, मग कसली आलीय स्वस्ताई. मुळ्याचा पाला, कोथिंबिरीचे देठ, काही टाकत नाही. शेवग्याचा पाला तर शेजारच्या अंगणातून फुकट येतो. डाळीत घालते आणि ताटात लिंबाची फोड ठेवते, लोह अंगी लागायला लिंबू बरं.

खरा आधार ज्वारीचा. मार्चात मंगळवेढ्याकडची नवी मालदांडी आली की एक क्विंटल घेते. पैसे एकदम जातात, म्हणून भिशीचा नंबर मी मार्चातच मागून घेते. पहिल्या वर्षी शहाणपणा करून ऊन न देताच कोठीत भरली. श्रावणात झाकण काढलं तर पोरकिडे नुसते वळवळत होते! निम्मी ज्वारी गुरांना गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या मार्चात स्वतः गच्चीवर जाऊन राखण करत बसल्या आणि कोठीत कडुलिंबाचा पाला त्यांनीच घातला. भाकरीला तेल लागत नाही, ही बचत कुणी हिशेबात धरतच नाही.

भाकरीसोबत उसळ. ज्वारीत लायसिन, म्हणजे प्रथिनांतला एक घटक, कमी असतं, ते मटकीत भरपूर, म्हणून दोन्ही एका ताटात. पाव किलो मटकी रात्री भिजत घालते, सकाळी उपसून पंच्यात घट्ट बांधून ठेवते. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत दीड दिवस लागतो. पाव किलो पनीरच्या पैशात महिनाभराच्या उसळी होतात असं नाही म्हणत, पण दोन-तीन तरी होतात. शेंगाचटणी रोज. अंडी आठवड्यातून दोनदा.

दुधात घालायची ती डब्यातली चॉकलेटी पावडर बंद केली तेव्हा घरात बंडच झालं होतं. एका डब्याच्या पैशात तीन डझन अंडी येतात, हे मी पोरांना हिशेब मांडून दाखवलं. पटलं नाही. पण थोरल्याची उंची त्यानंतरच वाढली, एवढं मी अधूनमधून ऐकवते.

न जमलेली गोष्टही सांगते: फळं. केळी, पेरू, हंगामात बोरं एवढंच परवडतं. सफरचंद फक्त कुणाला ताप आला तर. परवा धाकटा शाळेतून आला, दप्तर टाकलं आणि माझा हात ओढून स्वतःच्या कपाळावर ठेवत म्हणाला, ‘आई, बघ ना गं, कणकण वाटतेय का?’