किनाऱ्याचा रस्ता सपाट नसतो: मांडवा ते रत्नागिरी, सायकलवर पाच दिवस

"घाट नको असेल तर समुद्राकडेनं जा, सगळं सपाट आहे." हे मला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं होतं आणि तिघांनीही हा रस्ता गाडीतून केलेला होता, हे मी विचारायला हवं होतं. गाडीत बसलेल्या माणसाला चढ कळत नाही. चौथ्या दिवशी बुरोंडीच्या पुढे सायकल ढकलत असताना मला त्या तिघांचा खरोखर राग आला होता, आणि हे लिहितानाही तो पूर्ण गेलेला नाही.

कोकणचा किनारा म्हणजे जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारं, आणि त्यांना कापत समुद्राला मिळणाऱ्या खाड्या. गाव खाली, माडा-पोफळींच्या सावलीत. सडा वर, उघडाबोडका. एका गावातून पुढच्या गावात जायचं तर सड्यावर चढायचं आणि पलीकडे उतरायचं, दुसरी वाट नाही. हे चढ लांब नसतात, एक-दीड किलोमीटर, पण घाटासारखे वळणं घेत आखलेलेही नसतात. थेट वर जातात. ताम्हिणीत किंवा वरंध्यात एकदा लय सापडली की तासभर तीच धरून चढता येतं. इथे लय सापडायच्या आत उतार लागतो आणि उताराच्या तळाशी अरुंद मोरी, आंधळं वळण, वर पसरलेली वाळू. कमावलेला सगळा वेग ब्रेकमध्ये घालवायचा आणि पुढचा चढ शून्यापासून. म्हणून या रस्त्याचं नियोजन किलोमीटरवर करू नका. रोज किती खाड्या आणि किती सडे ओलांडायचे ते मोजा. नकाशात रस्ता पाण्याजवळ येतो, लांब जातो, परत येतो, असं जितक्या वेळा दिसेल तितके चढ धरा.

मी पंचवीस मिलिमीटर टायरच्या रोडबाईकवर होतो. बरोबर मावसभाऊ, अडतीस मिलिमीटर टायरच्या हायब्रिडवर. एरवी मी त्याच्या बराच पुढे असतो. या रस्त्यावर शेवटचे तीन दिवस तो माझ्यासाठी थांबत होता.

पहिले दोन दिवस सोपे. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, काशीद, मुरूड. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून जेट्टीने (इकडे फेरीबोटीलाही जेट्टीच म्हणतात) दिघी, मग दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. नवख्याला पहिल्यांदाच लांब जायचं असेल तर अलिबाग-नागाव-चौल-रेवदंडा हा तुकडा घ्यावा, तो खरोखर सपाट आहे. फक्त शनिवार-रविवारी मुळीच नको, पर्यटकांच्या गाड्या अंगावर येतात. दिवेआगर ते श्रीवर्धन शेखाडीवरून जाणारा रस्ता समुद्राला अगदी लागून आहे, बेताचे चढ आहेत आणि गर्दी कमी. पन्नास किलोमीटरची सवय असलेल्यांनी एक मुक्काम करून तेवढाच करावा आणि समाधानाने घरी जावं.

तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून जेट्टीत बसलो आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो. इथे रायगड जिल्हा संपतो, रत्नागिरी सुरू होतो आणि रस्त्याचा स्वभाव बदलतो. केळशीपर्यंत आम्ही दमलो, पण आडे-पाडले-आंजर्ले या पट्ट्यात पुन्हा पाण्याजवळून सपाट रस्ता मिळाला. हर्णैला सुवर्णदुर्ग बघत चहा घेतला, मुक्काम दापोलीजवळच्या मुरूडला. मुरूड दोन आहेत, हे नकाशात शोधताना लक्षात ठेवा. एक जंजिऱ्याचं, एक हे.

आता चौथा दिवस.

मुरूडहून दाभोळला जायला दोन रस्ते. एक वर दापोलीत जाऊन तिथून दाभोळला उतरतो. दुसरा कर्दे, लाडघर, बुरोंडी असा किनाऱ्याकिनाऱ्याने. मुक्कामाच्या ठिकाणी सल्ला मिळाला, "दापोलीत कशाला चढताय, खालून जा." लाडघरपर्यंत तो बरोबरच वाटला. बुरोंडीत टपरीवर एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "दाभोळ? ह्ये काय, हितंच. थोडा चढ हाय, मंग उतारच." कोकणातल्या "थोडा चढ"ला आणि "हितंच"ला आपल्या सायकलच्या हिशोबात धरू नका. आजोबा खोटं बोलत नव्हते. ते एसटीने जातात.

बुरोंडी सोडल्यावर सलग चार चढ आले. दुसऱ्या चढानंतर रस्त्याचं काम सुरू होतं: डांबर उखडलेलं आणि मुठीएवढी खडी नुसती पसरून ठेवलेली, रोलर अजून फिरायचा होता. चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरायचं, उतरून ढकलावं तर बुटाच्या क्लीटखाली, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या तळाच्या तुकड्याखाली, खडी सरकायची. उतार त्याहून वाईट. दोन्ही ब्रेक धरूनही सायकल आडवी जात होती. तीन किलोमीटरला मला एक तास दहा मिनिटं लागली. आणि खडी संपली असं वाटलं तिथेच मागच्या टायरची कड एका धारदार दगडाने कापली. पंक्चर नव्हे, चीर. करंगळीच्या नखाएवढी. नवीन ट्यूब घातली, हवा भरली आणि ट्यूबचा फुगा त्या चिरेतून बाहेर आलेला डोळ्यांदेखत फुटला. दुसरी आणि शेवटची ट्यूबही मी घाईत तशीच घालवली.

अशा वेळी काय करायचं ते मला माहीत होतं, पण डोकं उन्हाने काम करत नव्हतं. टायरच्या आतून चिरेवर दहा रुपयांची नोट घडी करून ठेवायची, वर ट्यूब बसवायची आणि हवा नेहमीपेक्षा कमी भरायची. नोटेचा कागद चिवट असतो, फाटत नाही. रिकाम्या टूथपेस्टच्या ट्यूबचा कापलेला तुकडाही चालतो. हे पहिल्या ट्यूबलाच केलं असतं तर दाभोळ गाठलं असतं. मावसभावाच्या ट्यूब जाड, त्यांचा व्हॉल्व्हही वेगळा, माझ्या रिमच्या भोकात बसेना. दोघांच्या सायकलींना एकच ट्यूब चालेल असं बघूनच निघा. अलिबाग सोडल्यापासून रत्नागिरीपर्यंत वाटेत मला प्रेस्टा व्हॉल्व्हची (रोडबाईकच्या बारीक व्हॉल्व्हची) ट्यूब ठेवणारं एकही दुकान दिसलं नाही. पंक्चरवाले आहेत, पण ते मोटरसायकलचे. त्यांच्या पंपासाठी पितळेचा छोटा अडॅप्टर जवळ ठेवा.

मागून एक पिकअप टेम्पो आला. दाभोळ अकरा किलोमीटर होतं. त्याने अठराशे रुपये सांगितले. मी हो म्हणालो, कारण दुपारचे साडेबारा वाजले होते, पाण्याची एकच बाटली उरली होती आणि फोनला रेंज नव्हती. दाभोळच्या जेट्टीवर एका दुकानदाराने सांगितलं की रिकामा परत जाणारा टेम्पो पाचशेत आणतो. अडलेल्या माणसाकडून साडेतीनपट घेतले, हे मला आजही टोचतं. तुमच्यावर वेळ आली तर बसण्याआधी भाव ठरवा, गाडी कुठून येते आणि कुठे चालली आहे ते विचारा. दाभोळलाच चाललेली असेल तर पाचशेच्या वर देऊ नका.

माझा निर्णय स्पष्ट आहे. बत्तीस मिलिमीटरच्या खालच्या टायरवर बुरोंडी-दाभोळ करू नये, आणि काम पूर्ण झाल्याची खात्री असल्याशिवाय कोणत्याच टायरवर करू नये. दापोलीतून जा. एकच लांब चढ आहे, पण रस्ता सरळ मनाचा आहे. गिअरचंही तेच. पुढे पेडलच्या चक्राला चौतीस, मागे चाकाच्या सर्वात मोठ्या चक्राला अठ्ठावीस दात घेऊन मी गेलो आणि गुडघे दुखवून घेतले. मागे किमान चौतीस दातांचा मोठा कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसवा, म्हणजे पुढचं-मागचं एकास एक होतं आणि उभं न राहता चढता येतं.

उन्हाचंही सांगतो. घाटमाथ्यावर घाम वाळतो आणि अंग गार होतं. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. म्हणून हवा फार तापलेली नसतानाही शरीर तापत जातं. सड्यावर सावलीला झाड नाही. मी तासाला पाऊण लीटर पाणी आणि दर दुसऱ्या बाटलीत ओआरएस असा हिशोब धरला होता, चौथ्या दिवशी तो कमी पडला. लीटर धरा. साडेपाचला निघा, अकराला थांबा. दुपारी खारे वारे जोर धरतात, ते बहुतेक वायव्येकडून येतात. दक्षिणेकडे जाताना पाठीशी, उत्तरेकडे येताना तोंडावर. म्हणून पूर्ण प्रवास करणाऱ्यांनी मांडव्याहून रत्नागिरीकडेच यावं, उलटं नाही.

त्या दिवशी आम्ही दाभोळहून धोपाव्याला जेट्टीने गेलो. गुहागरला दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या मित्राने एका चांगल्या सायकल-दुकानदाराशी ओळख करून दिलेली होती, त्या दुकानदाराने चिपळूणहून टायर आणि ट्यूब मागवून दिली. ही माझी ओळख, तुमची नसेल. एक घडी घालून नेता येणारा जादा टायर दोघांत मिळून जवळ असलाच पाहिजे. वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्याने पूर्ण दिवस वाचतो.

पाचव्या दिवशी गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ आणि जेट्टीने जयगड. तवसाळला पाणी भरून घ्या, कारण जयगडच्या धक्क्यावरून लगेच छातीवरचा चढ सुरू होतो आणि वर थोडं अंतर बंदराचे अवजड ट्रक सोबत असतात. तिथे कडेला दबून जाऊ नका, कडा तुटक्या आहेत. आरसा लावा, लांबूनच हात दाखवा. जेट्टीवर सायकलचं वेगळं तिकीट लागतं, किरकोळ असतं, पण सुटे पैसे ठेवा आणि शेवटची फेरी कधी सुटते ते आदल्या दिवशीच विचारून घ्या. ती चुकली तर खाडीला वळसा घालून जाणं सायकलवर जमणार नाही.

मालगुंड, गणपतीपुळे मागे टाकून आरे-वारेच्या चढावर आलो तेव्हा पाय संपलेले होते. वळण घेतलं आणि खाली दोन किनारे एकदम उघडले, मधे डोंगराची सोंड, पाणी हिरवट निळं, लाटेची पांढरी रेघ हळूहळू वाळूवर पुसली जात होती. मी सायकल कठड्याला टेकवून खाली बसलो. चौथ्या दिवशी "पुन्हा कधी नाही" म्हणणारा मी तिथे मावसभावाला पुढच्या वर्षी सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत जाऊ म्हणालो, आणि तेही मनापासून.

एवढाच तुकडा करायचा असेल तर तो नवखेही करू शकतात. रत्नागिरी ते गणपतीपुळे पंचवीस-एक किलोमीटर, दोन चढ ढकलत गेलात तरी बिघडत नाही. फक्त आम्ही आलो तसे दक्षिणेकडे येऊ नका. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे दक्षिणेला येताना डोंगराची बाजू मिळते आणि समुद्र समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे राहतो. सकाळी सहाला रत्नागिरीहून उत्तरेला निघा. वारा अजून पडलेला असतो आणि कठडा तुमच्या डाव्या हाताला येतो.