मावशींची सुट्टी

आज पुन्हा तेच दिसलं: पाळणाघरात मुलं झोपल्यावर मावशी त्यांच्याच उशाशी डबा उघडून बसलेल्या. एक डोळा पोळीवर, एक पाळण्यावर. ही विश्रांती नव्हे, ड्यूटीच.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने-आस्थापना कायद्यात सलग काही तास काम झाल्यावर किमान अर्धा तास सुट्टी आहे. ती द्यायची तर बदली माणूस हवा, आणि इथेच घोडं अडतं. सगळ्या मावशींना एकदम दीड वाजता सोडू नका. साडेबारा, सव्वा, दोन असं पाळीपाळीने सोडा. जाताना डोकी मोजून आकडा तोंडी सांगायचा. औषध कुणाला दिलं, कोण उताणं झोपलेलं नाही, तेही. चहा मात्र बाहेरच. गरम कप आणि रांगणारं पोर एका खोलीत नको.