निकितिनच्या वाटेवर, नोंद सहावी : घोडीचा खुराक

मागच्या नोंदीनंतर अडीच महिने गेले. आधी हिशोब सांगते. रेवदंड्याचं प्रकरण तिसऱ्यांदा लिहून झालं, आता त्याला हात लावणार नाही. पालीचं अर्धं आहे आणि त्या अर्ध्यातलंही निम्मं टाकाऊ आहे. नाणेघाट लिहिला, तो कसा ते पुढे येईलच. जुन्नरहून गेल्या रविवारी परत आले, पिशवीतले मळके कपडे धुऊन झाले, वही मात्र अजून उघडी पडलीय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४६९ च्या सुमारास, म्हणजे वास्को द गामाच्या जवळपास ३० वर्षं आधी, तो होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. बरोबर विकायला आणलेला एक घोडा. चौलहून पाली, तिथून जुन्नर, पुढे बहमनींची राजधानी बिदर, आणि परतताना दाभोळहून जहाज. घरी पोचलाच नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याची वही मात्र मॉस्कोला पोचली. चौलशेजारच्या रेवदंड्याला शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. त्याच्या महाराष्ट्रातल्या टप्प्यांवर सुट्टीच्या दिवशी, जमेल तसं, एसटीने आणि पायी फिरायचं आणि लिहायचं, एवढाच माझा उद्योग. महिलांना एसटीत निम्मं तिकीट झाल्यापासून (मार्च २०२३) या उद्योगाला घरातून विरोध कमी झालाय.

प्रवासवर्णन लिहिणारी बाई सतत बाहेरच असते, असं आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटतं. या अडीच महिन्यांत मी घराबाहेर मोजून पाच दिवस होते. उरलेले दिवस डोंबिवलीत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पहाटे पावणेपाच ते सहा. सहाला दूध येतं, मग डबे, मग ८:१२. लोकलमध्ये लिहिता येत नाही, उभं राहायला मिळालं तरी पुष्कळ. पण मनातल्या मनात वाक्यं खोडता येतात. कोपर ते मुलुंड या पट्ट्यात पालीचा अख्खा एक परिच्छेद मी असा खोडलाय. उतरल्यावर कागदावर खोडायचं तेवढं बाकी होतं.

आता नाणेघाट. निकितिन कुठला घाट चढला ते त्याने लिहिलेलं नाही. पालीहून येणारा माणूस वळसा घालून नाणेघाटापर्यंत कशाला जाईल, हा प्रश्न इथल्या दोघा-तिघांनी मला विचारलाय आणि तो रास्त आहे. माझं उत्तर सरळ आहे : कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी गाडी मिळते, ती वैशाखऱ्याजवळ सोडते आणि तिथून वाट नीट मळलेली आहे. एकटीने जायचं तर एवढं बघावं लागतं. प्रकरणात तसंच लिहिलंय, वाट माझ्या सोयीची आहे म्हणून.

गेले ते जुलैच्या दुसऱ्या शनिवारी. पाऊस असणार हे माहीत होतं, किंबहुना त्यासाठीच गेले. जुन्नरात चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं निकितिनने लिहून ठेवलंय, आणि या ऋतूला तो हिवाळा म्हणतो! ते चार महिने अंगावर घ्यायचे होते, निदान एक दिवस तरी. घेतले. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, पिशवी सॅकमध्ये, सॅकवर कव्हर. सगळं बरोबर. फक्त लेण्यात बसून लिहिताना केसांतून पाणी निथळत होतं, आणि पेन जेलचं होतं. घरी येऊन पाहिलं तर अकरा पानं निळी. एका पानावर 'रांजण' एवढाच शब्द वाचता येतो, तोही घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण माहीत असल्यामुळे.

दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. मग आठवलं की निकितिनला अस्त्राखानजवळ लुटलं तेव्हा त्याची धर्माची पुस्तकं गेली, आणि पुढे ईस्टर कधी, उपास कधी याचा हिशोबच त्याच्याकडे उरला नाही. दर काही पानांनी त्याची ती हळहळ येते. माझी तर अकराच पानं होती. प्रकरण आठवणीतून लिहून काढलं आणि ते आधीच्या दोन्हींपेक्षा आटोपशीर झालं, कारण लेण्यातल्या शिलालेखावर मी तीन पानं माहिती उतरवून घेतली होती, ती धुऊन गेली. सातवाहन राजे, राणी नागणिका, ब्राह्मी लिपी हे सगळं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. एक ओळ ठेवली, दोन अश्वमेधांची. ती का ते खाली कळेल.

आता पेन्सिल वापरते. एचबी, टोकयंत्र खिशात. जे लोक पाऊस-प्रूफ वह्या मागवतात त्यांनी मागवाव्यात, माझं पेन्सिलवर भागलं.

जुन्नर. इथे निकितिनचा घोडा खानाने ठेवून घेतला. धर्म बदल, घोडा देतो आणि वर सोन्याची हजार नाणी देतो, नाहीतर घोडाही जाईल, दंडही बसेल. शेवटी खोरासानहून आलेल्या एका माणसाने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. गाव खडकावर आहे, माणसाने नव्हे, देवाने घडवलेला, वर जायची वाट इतकी अरुंद की दोघांना एका वेळी चढता येत नाही, असं त्याचं वर्णन. शिवनेरी बघितलेल्याला पुढे काही सांगायला नको.

पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. घोड्यांना काय घालतात ते त्याने लिहिलंय : हरभरे, आणि साखर-लोणी घालून शिजवलेली खिचडी. त्याने शब्दही 'किचिरिस' असाच ऐकून उतरवलाय. आज जुन्नर भागात घोड्याला कोण काय घालतं?

स्टँडबाहेर चहा पिताना शेजारच्या काकांना विचारलं, "काका, इथनं जुना घाट कुठला हो?"

"कुढल्या गावचा? आमच्याच गावचा घाट बघा की. येत्या यात्रंला बाऱ्या हायेत."

मी दगडी पायऱ्यांचा घाट विचारत होते आणि ते बैलगाडा शर्यतीच्या घाटाबद्दल सांगत होते. इकडे शर्यतीच्या धावपट्टीलाच घाट म्हणतात आणि एका गाड्याच्या दौडीला बारी. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा कायम केला, हे मी पेपरात वाचलं होतं. पेपरात जे नव्हतं ते असं, की या भागात गाड्याच्या पुढे घोडी पळते. स्वार बसवलेली घोडी पुढे आणि बैल तिच्या मागे जिवाच्या आकांताने.

घोडी म्हटल्यावर मी चहा तसाच ठेवला.

काकांनी पुतण्याला फोन केला. अर्ध्या तासात मी त्यांच्या गोठ्यात. घोडी तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, डाव्या पुढच्या पायाला पट्टी. माझ्या सॅकचा बंद तिने एकदा चावून पाहिला आणि नापसंत केला. पुतण्या वीस-बावीसचा, आधी जरा लाजत होता, मग सुटला. सकाळी भिजवलेला हरभरा, त्यात गव्हाचा कोंडा. संध्याकाळी बाजरीची भाकर गूळ लावून. शर्यत जवळ आली की तूप. हरभरा किती विचारलं तर त्याने घमेलं आणून दाखवलं, कुठपर्यंत भरतो ते बोटाने. घमेल्याच्या आतल्या बाजूला त्या उंचीवर एक रेघच पडलीय, रोज तेवढंच भिजवून.

"आणि खिचडी?"

"खिचडी आमी खातो, ताई," तो म्हणाला, आणि काका हसून हसून खोकायला लागले.

साडेपाचशे वर्षांत हरभरा टिकला, गोड आणि स्निग्ध टिकलं, खिचडी गळाली. याहून जास्त निष्कर्ष मी काढत नाही. पण ते घमेलं मिळालं आणि जुन्नरचं प्रकरण कुठून सुरू करायचं हे कळलं. शिवनेरी दुसऱ्या पानावर येईल. अश्वमेधाची ओळ म्हणून राखून ठेवलीय.

आणखी एक. निकितिनने घोडा बिदरला विकला तेव्हा वर्षभर पोसायला ६८ फुतून (तेव्हाची नाणी) खर्च झाले, हे नोंदवलंय. माझा या टप्प्याचा खर्च : एसटी आणि रिक्षा मिळून ४३० रुपये, खाणं २६०, घोडीसाठी नेलेला गूळ ७०. घोडीचा गूळ घरच्या हिशोबात 'किराणा'मध्ये घातलाय.

जुन्नरचा कच्चा मसुदा सासूबाईंना वाचून दाखवला. त्या माझ्या एकमेव कडक वाचक. सगळं ऐकून म्हणाल्या, "घोडीचं सगळं लिहिलंस. तू काय जेवलीस त्यांच्याकडे?"

वही चाळली. नाही लिहिलेलं. पिठलं होतं हे नक्की, भाकरी होती, आणि तिसरं काहीतरी हिरवं, ते काय होतं ते आठवत नाही. काकांना फोन करून विचारते.

पुढचा टप्पा बिदर. दिवाळीच्या सुट्टीत जमलं तर, नाहीतर जानेवारी. त्या बाजूला कुणी एसटीने गेलं असेल तर बदल्या कुठे कराव्या लागतात ते सांगा.