फाटण्यासाठी शिवलेली बाही

मी नाटकांचे कपडे शिवते. १९ वर्षं झाली. या कामात सगळी धडपड कपडा टिकावा म्हणून असते. प्रयोगामागून प्रयोग तोच कपडा घामाने भिजतो, धुतला जातो, अंधारात घाईघाईने ओढून काढला जातो. म्हणून आम्ही काखेत जादा पट्टी घालतो, अस्तर पक्कं धरतो, जिथे कपडे झटपट बदलायचे असतील तिथे टिचबटणं लावतो. पण एकदा मी एक बाही अशी शिवली, की ती रोज फाटायलाच हवी होती.

नाटक जुन्या काळातलं होतं. दुसऱ्या अंकात घराचा मालक मोलकरणीवर हात टाकतो आणि झटापटीत तिच्या झग्याची उजवी बाही खांद्यातून सुटते. दिग्दर्शकाला ती 'नीट' फाटायला हवी होती. नीट म्हणजे खांदा उघडा पडेल, त्याखालचं काही दिसणार नाही आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल. मी खांद्याची शिवण उसवली, कच्चा धावदोरा घातला. तालमीत बाही सुटली, पण आवाज झाला नाही. मग आतून वेल्क्रोची चिंचोळी पट्टी लावली. तिचा आवाज कापड टरकावल्यासारखाच येतो. सगळे खूश झाले. एकूण ४१ प्रयोग झाले आणि दर प्रयोगानंतर मी ती बाही पुन्हा टाचली.

एका रात्री मी टाचत होते आणि मोलकरणीचं काम करणारी मुलगी शेजारी बसून मेकअप पुसत होती. विशीतली असेल. ती म्हणाली, "ताई, लोक त्या आवाजाला दचकतात. मी ओरडते तेव्हा दचकत नाहीत." मी काहीच बोलले नाही. काय बोलावं ते सुचलंच नाही.

तेव्हापासून ओटीटीवरच्या जुन्या काळातल्या मालिका बघताना माझं लक्ष आधी कपड्यांकडे जातं आणि तिथून बायकांकडे. मला वाटतं, या मालिका बाईवरचा अन्याय कपड्यात शोधतात, कारण कपडा कॅमेऱ्याला दिसतो. खरा अन्याय होता कागदावर, कायद्यात, हिशोबाच्या वह्यांत. तो दाखवायला कष्ट पडतात.

'ब्रिजर्टन'चंच घ्या. २०२० च्या नाताळात आलेल्या पहिल्या सीझनमधली गोष्ट १८१३ च्या इंग्लंडमधली. पहिल्याच भागात फेदरिंग्टनांच्या घरात एका मुलीचा कॉर्सेट दोऱ्या ओढओढून आवळतात, तिचा श्वास अडकतो आणि आई सांगते की मी या वयाची असताना माझी कंबर दीड संत्र्याएवढी होती. बघणाऱ्याला लगेच कळतं, बिचाऱ्या बायका. पण त्या काळातले झगे छातीखालीच सैल सुटायचे, कंबर दिसायचीच नाही. मग ती आवळायची कशाला? कॉर्सेटची भोकं तेव्हा दोऱ्याने काजासारखी विणलेली असत, धातूच्या रिंगा नंतर आल्या. दोऱ्याच्या काजांवर एवढा जोर दिला तर कापडच फाटेल. शिवाय आत तागाचा किंवा सुती झगा असायचा, अंगाला वळ उठायचा प्रश्न फारसा नव्हता. एवढी चूक मी सहज सोडून दिली असती. नाटकात आम्हीही शंभर तडजोडी करतो. त्रास याचा होतो की आवळलेली दोरी दाखवली की बायकांचं दुःख दाखवून झालं, असं धरलं जातं.

त्या काळच्या इंग्रज बाईचं लग्न झालं की तिचं जे काही जंगम होतं ते नवऱ्याचं व्हायचं. तिने कमावलेला पैसाही. कॅरोलाइन नॉर्टन नावाची लेखिका नवऱ्यापासून वेगळी झाली, तेव्हा त्याने तिची मुलं नेली आणि तिच्या लिखाणाच्या मिळकतीवरही हक्क सांगितला. तिने १८५५ मध्ये राणी व्हिक्टोरियाला उद्देशून एक जाहीर पत्र छापलं. त्यात तिने मांडलं, की इंग्रज बायकोचा स्वतःच्या कपड्यांवरही कायद्याने हक्क नाही, नवऱ्याच्या मनात आलं तर तो ते विकू शकतो. हे वाचलं त्या दिवशी मी मशीनवरून उठले. पडद्यावर आपण ज्या झग्यांकडे डोळे विस्फारून बघतो, ते झगे तिचे नव्हतेच! १८५७ च्या घटस्फोटाच्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं. बायकोला मात्र त्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. लग्नातला बलात्कार हा गुन्हाच आहे, हे इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने कधी मान्य केलं? १९९१ मध्ये. तेव्हा माझ्या घरात टीव्ही होता.

म्हणूनच २०२३ मधल्या 'क्वीन शार्लट' या 'ब्रिजर्टन'च्याच जोडमालिकेतली तरुण अगाथा डॅनबरी मला इतकी भिडली. तिचा नवरा म्हातारा आहे. तो रात्री येतो, त्याचं आटोपतं, तो जातो. कापड टरकत नाही, किंकाळी नाही. ती छताकडे बघत पडून असते आणि नंतर दासी तिच्यासाठी आंघोळीचं पाणी काढते. हे सगळं इतकं ठरल्यासारखं चालतं की दोघी एकमेकींशी त्याबद्दल बोलण्याचीही गरज नसते. नवरा मरतो तेव्हा ती सांगते, की तीन वर्षांची असताना मला त्याला देऊन टाकलं. त्याला सोनेरी रंग आवडतो, म्हणून माझाही आवडता रंग सोनेरी, असं मला शिकवलं. त्याला आवडतं ते खाणं माझ्या आवडीचं, त्याला आवडतात तीच पुस्तकं मी वाचायची. ते ऐकल्यावर मी मागे जाऊन तिचे कपडे पुन्हा बघितले. सोनेरी, सोनेरी, सोनेरी. कपडेपट सांभाळणाऱ्यांनी एका बाईच्या अंगावर नवऱ्याची सही केलेली होती आणि आपण म्हणत होतो, किती सुंदर दिसतेय! कपड्यातून हिंसा दाखवायचीच असेल तर ती अशी दाखवता येते.

उलट टोकाला 'आउटलँडर'. या मालिकेने बलात्कार इतक्या वेळा वापरला की मी मधे दोन वर्षं ती बघणंच सोडलं. पहिल्या सीझनच्या शेवटी नायकावर, पुढे त्याच्या मुलीवर, पाचव्या सीझनच्या शेवटी नायिकेवर. पुरुषावरच्या अत्याचाराकडे तिने गंभीरपणे पाहिलं, त्याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. पण प्रत्येक कुटुंबीयाच्या वाट्याला एकेक अत्याचार देऊन गोष्ट पुढे ढकलायची, हे मला मान्य नाही.

तरी त्याच मालिकेतलं एक दृश्य मी विसरू शकत नाही. चौथ्या सीझनमध्ये खानावळीच्या आतल्या खोलीत नायकाच्या मुलीवर, ब्रियानावर बलात्कार होतो. कॅमेरा बाहेरच थांबतो. बाहेर माणसं बसलेली आहेत, आवाज सगळ्यांना ऐकू येतोय, पत्ते चालू आहेत. तिचे बूट बाहेर पडलेले असतात. एक माणूस उठतो, ते उचलतो आणि दाराशी नीट जोडीने लावून ठेवतो. बस्स. त्या बुटांनी मला जे सांगितलं ते माझ्या बाहीने ४१ प्रयोगांत सांगितलं नाही. बाही अत्याचार करणाऱ्याचा जोर दाखवत होती. बूट ऐकणाऱ्यांचा गुन्हा दाखवतात.

पुन्हा 'ब्रिजर्टन'कडे येते, कारण तिथे एक गोष्ट घडली आणि बऱ्याच जणींनी ती गोड गाण्याबरोबर गिळून टाकली. पहिल्या सीझनच्या सहाव्या भागात नायिका डॅफनी नवऱ्याला, सायमनला, मूल नको असल्याचं माहीत असताना, तो थांब म्हणत असताना थांबत नाही. संमती नसताना. त्यानंतरचं सगळं भांडण त्याने तिच्यापासून काय लपवलं यावर होतं. मालिकेने सायमनला कृष्णवर्णीय केलं, आणि कृष्णवर्णीय पुरुषाचं शरीर त्याच्या इच्छेविना वापरलं जाण्याचा केवढा इतिहास आहे हे लिहिणाऱ्यांच्या खोलीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाईने केलं म्हणून ते कमी होत नाही. मी बायकांच्या बाजूची आहे म्हणूनच हे लिहिते आहे.

वर्णाचं म्हणाल तर या मालिकेने दार उघडलं हे खरं. सावळ्या कातडीची, भारतीय वंशाची नटी सिमोन अ‍ॅशली दुसऱ्या सीझनची नायिका झाली, तिने बहिणीच्या केसांना तेल लावलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती बहिणीला 'बोन' आणि बापाला 'अप्पा' म्हणते, बहीण तिला 'दीदी' म्हणते, म्हणजे एका घरात बंगाल, तमिळनाडू आणि हिंदी पट्टा, हेही ऐकलं. असो.

मला खुपतं ते कापड. त्या काळच्या नाचघरांत पांढऱ्या मलमलीचे आणि सुती झगे असत. तो कापूस कुठला? अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम माणसांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांत येत होता. चहातली साखर कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतली. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला, पण वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा झाला १८३३ मध्ये, आणि त्या वेळी २ कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. राबलेल्यांना काही नाही. मालिकेत सांगतात की राजा एका कृष्णवर्णीय मुलीच्या प्रेमात पडला आणि भेद मिटला. पहिल्या सीझनसाठी ७,५०० च्या आसपास कपडे तयार केले असं वाचलं होतं. एवढ्या टाक्यांमध्ये त्या कापसाचा एक धागा कुणी उलगडून दाखवला असता तर?

'द गिल्डेड एज'ने ते करून दाखवलं, आणि तेही जुन्या बुटांवर. १८८२ चं न्यूयॉर्क. मॅरियन ही भली मुलगी. पेगी स्कॉट तिची मैत्रीण, कृष्णवर्णीय, लेखिका व्हायचं स्वप्न असलेली. मॅरियन न कळवता ब्रुकलिनला पेगीच्या घरी जाते आणि पिशवीतून नेते काय, तर जुने बूट. तिने गृहीत धरलंय की हे लोक गरीब असणार. दार उघडतं तर सुखवस्तू घर, औषधाच्या दुकानाचा मालक असलेला बाप, उत्तम नेसलेली आई. मॅरियन खलनायिका नाही. ती प्रेमाने आलीय, आणि तेच असह्य होतं. मी ते दृश्य बघताना खरंच पदर तोंडाशी धरला. आपणही कुणाला तरी न विचारता उतरलेले कपडे नेऊन दिलेले असतात. या मालिकेच्या कामात इतिहासकार एरिका आर्मस्ट्राँग डनबर होत्या. पेगीच्या घराला, तिच्या बापाच्या दुकानाला आणि कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राला जी खरी मुळं आहेत, ती अशा जाणत्या माणसाशिवाय येत नाहीत.

आणि बॅरी जेन्किन्सची 'द अंडरग्राउंड रेलरोड'. १० भाग, २०२१. पहिल्याच भागात मळ्यावरून पळून गेलेल्या गुलामाला पकडून आणून जिवंत जाळतात आणि हिरवळीवर नटूनथटून बसलेले पाहुणे जेवत असतात. मला पुढचा भाग लावायला आठवडा लागला. चित्रीकरणाच्या जागी नटांसाठी समुपदेशक ठेवले होते, हे नंतर वाचलं, तेव्हा आमच्या नाटकातल्या त्या मुलीची आठवण आली. तिला कुणी विचारलं होतं का, रोज रात्री घरी गेल्यावर झोप लागते का?

दुसऱ्या भागात गुलामगिरीतून पळालेली नायिका कोरा अशा शहरात पोहोचते जिथे तिला चांगले कपडे मिळतात, नोकरी मिळते. नोकरी कसली? संग्रहालयात काचेमागे उभं राहून गुलाम बाईचं सोंग करायचं. आपल्याच आयुष्याचा वेष चढवायचा आणि गोऱ्या प्रेक्षकांसमोर कामाचा अभिनय करायचा. त्याच शहरात कृष्णवर्णीय बायकांची गर्भधारणेची क्षमता त्यांना न सांगता काढून घेतली जातेय. तो काचेमागचा वेष कुणीतरी शिवला असणार. माप घेतलं असणार, गळा बेतला असणार. मी तिथे असते तर तो शिवला असता का? बहुतेक शिवला असता, आणि चांगला शिवला असता.

सगळ्यांत जास्त वेळा मी बघितलीय ती 'अ‍ॅलियस ग्रेस', २०१७ ची, सहाच भागांची. ग्रेस मार्क्स ही कॅनडातली खरी बाई. १८४३ मधल्या दुहेरी खुनाच्या प्रकरणात तिला शिक्षा झाली आणि १८७२ मध्ये माफी मिळाली. डॉक्टर तिची कहाणी काढून घ्यायला येतो आणि ती बोलताना सतत शिवत असते. हात थांबत नाहीत. त्याला काय द्यायचं, काय नाही, ते ती टाक्याटाक्याने ठरवते. मला तो ताल ओळखीचा आहे. हातात सुई असली की बाईकडे कुणी नीट बघत नाही आणि ती सगळं ऐकत असते. शेवटी ती स्वतःसाठी गोधडी करते. तिच्यात तीन तुकडे असतात. गर्भपातात मेलेल्या मैत्रिणीचा परकर, खून झालेल्या नॅन्सीचा झगा आणि स्वतःचा तुरुंगातला रात्रीचा कपडा. त्या तिघींचं काय झालं हे आता फक्त त्या शिवणीला माहीत.

त्या नाटकाचे प्रयोग बंद झाले तेव्हा कपडे माझ्याकडेच राहिले. यंदा ट्रंक आवरताना तो झगा सापडला. उजेडात धरला तर उजव्या खांद्यावर भोकांची रांग दिसली. एकाच जागी सुई पुन्हा पुन्हा गेली की कापडाचे धागे सरकतात आणि परत मिटत नाहीत. मी वेल्क्रो उसवलं. आतून दोन बोटं रुंद पट्टी धरली आणि बाही मशीनवर दुहेरी टीप घालून पक्की बसवली. भोकं बाहेरून अजून दिसतात.